प्रभातचे चार बोलपट आणि त्यांचे शेवट

प्रभात फिल्म कंपनीचे ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ हे चार बोलपट चार संध्याकाळी ओळीने पाहिल्यावर चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला तीन प्रश्न विचारले आहेत. हे बोलपट संथ आणि नाटकी वाटतात, तो दोष त्यांचा की पाहणाऱ्याचा? त्यांचे शेवट पटत नाहीत, ते तसे का केले असतील? आणि ‘संत तुकाराम’मधली जिजाई इतकी भांडखोर दाखवून दिग्दर्शकांनी तुकोबांच्या पत्नीवर अन्याय केला आहे काय? वडीलधारी मंडळी या बोलपटांना अजरामर म्हणून मोकळी होतात आणि मग मनातले बोलायला जागाच उरत नाही, अशीही त्याची तक्रार आहे. मी पस्तीस वर्षे संकलनाचे काम केले, त्यातली पहिली पंधरा वर्षे फिल्म हाताने कापून आणि जोडून. हे चारही बोलपट मी शिकवण्याच्या निमित्ताने रिळारिळाने, कट मोजत पाहिले आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जुन्या चित्रपटाला वयाची सूट देऊ नये. ‘त्या काळी एवढे तरी केले’ असे म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्याला आपण मनातून लहान समजत असतो, आणि प्रभातच्या मंडळींना तशा सवलतीची गरज नाही. मात्र दोष काढताना तो नेमका कुठे आहे हे पाहावे लागते, कारण चटकन खटकलेली गोष्ट हीच चित्रपटाची खरी उणीव असेल असे नसते. संथपणाची तक्रार मला अर्धीच मान्य आहे. शेवटांची तक्रार मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे, आणि या चार बोलपटांचे बळ आणि दुबळेपण समजून घेण्याची किल्ली तिच्यातच आहे असे माझे मत आहे.

संथपणाविषयी बोलताना हे बोलपट कसे तयार होत ते ध्यानात घ्यावे लागेल. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या जागेत तिचा स्टुडिओ उभा राहिला. व्ही. शांतारामांनी दिग्दर्शित केलेले ‘कुंकू’ (१९३७), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) हे तिन्ही बोलपट ‘दुनिया न माने’, ‘आदमी’ आणि ‘पडोसी’ या नावांनी हिंदीतही काढले गेले. त्याच सेटवर, त्याच प्रकाशयोजनेत तोच प्रसंग दोन भाषांत चित्रित करायचा असला की छोट्याछोट्या तुकड्यांत काम करणे परवडत नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत कॅमेरा थांबतो, पात्रे समोरासमोर उभी राहून आपापला संवाद पुरा करतात, आणि उत्तर देणाऱ्या पात्राच्या तोंडचे पहिले अक्षर ऐकू येण्याआधी एक बारीक पोकळी राहते. संकलकाच्या हाताला ती पोकळी लगेच जाणवते. ‘माणूस’मधल्या घरगुती प्रसंगांत ती अनेकदा आहे आणि तो दोषच आहे. ‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र केवळ मराठीत निघाला, आणि त्यातल्या बोलण्याची लय बाकीच्या तिघांपेक्षा मोकळी आहे, हा मला योगायोग वाटत नाही.

नाटकीपणाविषयी मात्र थोडे थांबावे. नाटकी अभिनय हा एकच एक प्रकार नसतो. ‘कुंकू’त काकासाहेब या वयस्क नवऱ्याचे काम करणारे केशवराव दाते रंगभूमीवरूनच आले, पण १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक करून मराठी रंगभूमीवर वास्तवाकडे झुकणारे वळण आणू पाहणाऱ्या नाट्यमन्वंतर या संस्थेशी त्यांचा जवळचा संबंध होता. त्यांचा आवाज खालच्या पट्टीत राहतो, हात फारसे हलत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाचा लाजिरवाणेपणा ते पाठीतून दाखवतात. त्याच बोलपटात त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या काही दुय्यम पात्रांचा अभिनय शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी केलेला आहे. तेव्हा नाटकीपणा सबंध बोलपटावर लादू नये. कोण कोणत्या परंपरेतून आला आणि एका चौकटीत दोन परंपरा कशा उभ्या आहेत, हे पाहिले तर पुष्कळ हाती लागते.

आता शेवटांकडे येतो. हे चारही बोलपट गोष्ट मांडताना अतिशय धीट आहेत. गाठ घट्ट बसेपर्यंत ते कुठेही कचरत नाहीत, आणि गाठ सोडवायची वेळ आली की तीन बोलपट सुरी काढतात. ‘शेजारी’त धरण फुटते, ‘माणूस’मध्ये खून होतो, ‘कुंकू’त आत्महत्या होते. चौथ्यात तर साक्षात विमान येते, तरीही माझ्या मते शेवट खऱ्या अर्थाने साधला आहे तो त्या चौथ्याच बोलपटात.

‘शेजारी’विषयी थोडक्यात सांगतो. जिवबा पाटील आणि मिर्झा या दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांची मैत्री, धरण बांधू पाहणाऱ्या धनिकाच्या कारस्थानाने त्यांच्यात पडलेली फूट, आणि अखेरीस फुटलेल्या धरणाच्या लोंढ्यात एकमेकांचा हात धरून दोघांनी दिलेला प्राण, अशी ही गोष्ट आहे. मुस्लिम लीगने लाहोरला स्वतंत्र प्रदेशांची मागणी करून जेमतेम दहा महिने झाले होते, अशा वेळी हा बोलपट आला. मराठीत पाटलाची भूमिका केशवराव दाते यांनी आणि मिर्झाची गजानन जागीरदारांनी केली. हिंदीत मिर्झा जागीरदारच राहिले आणि हिंदू ठाकुराची भूमिका मझहर खान या मुसलमान नटाने केली. हा निर्णय साऱ्या संवादांपेक्षा जास्त बोलतो. बुद्धिबळाच्या पटाभोवतीची त्या दोघांची जवळीक, ‘लखलख चंदेरी’ या गाण्यातला समूहनृत्याचा झळाळ आणि धरण फुटण्याचे ट्रिकसीन आजही उत्तम आहेत. पण भांडण लावणारा माणूस बाहेरून येतो, आणि म्हणून गावातल्या गावात, माणसांच्या मनात आधीपासून काय साचलेले असू शकते याचा शोध घेण्याची जबाबदारी पटकथेवरून उतरते. शेवटी पाणी येते आणि साऱ्यांना सारखेच धुऊन नेते. मी विद्यार्थ्यांना शेवटचे रीळ न दाखवता विचारतो की या दोघा म्हाताऱ्यांची समेट कशी घडवाल. कोणालाही ते सोपे जात नाही, आणि पटकथेलाही ते जमले नाही म्हणूनच पूर आला, हे मग सांगावे लागत नाही. त्या दोघांनी जिवंत राहून, एकमेकांच्या डोळ्याला डोळा देत पुन्हा पटापाशी बसणे मरण्यापेक्षा कितीतरी कठीण होते.

‘माणूस’चा प्रश्न वेगळा आहे. प्रमथेश बारुआंच्या ‘देवदास’ने प्रेमभंगाला आणि दारूला जे वलय मिळवून दिले होते, त्याला उत्तर म्हणून हा बोलपट निघाला, हे त्याच्या प्रत्येक प्रसंगात जाणवते. पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांच्यातले प्रेम शांतारामांनी रात्रीच्या ओल्या गल्ल्यांत, दिव्यांच्या उजेडात, पावलांच्या आणि बुटांच्या शॉट्समधून उभे केले आहे. शाहू मोडकांचा गणपत सरळ आणि काहीसा बावळा आहे. शांता हुबळीकरांची मैना त्याच्यापेक्षा दहा पावले पुढे आहे, आणि दिग्दर्शकाला ते माहीत आहे. ‘कशाला उद्याची बात’ या गाण्यात ती वेगवेगळ्या प्रांतांच्या गिऱ्हाइकांसाठी त्यांच्या त्यांच्या भाषेत गाते, तेव्हा त्या एका गाण्यात तिच्या धंद्याचा सारा कंटाळा आणि सारी हुशारी एकवटते. गाण्याने गोष्ट थांबवायची नसून सांगायची असते, याचे मराठी चित्रपटातले इतके नेमके उदाहरण मला दुसरे चटकन आठवत नाही. (शांताबाईंनी पुढे आपल्या आत्मचरित्रालाही हेच नाव दिले.) बागेत चाललेले कुठल्याशा सिनेमाचे चित्रीकरण झाडाआडून पाहून ही दोघे त्यातल्या गोड गोड प्रेमसंवादांची नक्कल करतात, तो प्रसंगही असाच जिवंत आहे.

मग मैना गणपतच्या आईच्या घरी येते, आणि इथून बोलपटाचा धीर सुटू लागतो. त्या सोज्वळ घरात आपल्याला जागा नाही असे मैनालाच वाटते. तिला ती जागा नाकारण्याची वेळ बोलपट गणपतवर, आईवर किंवा शेजारपाजारावर येऊ देत नाही. तिचे तिलाच माघारी पाठवतो. पुढे तिच्या हातून दुष्ट मामाचा खून होतो, तिला जन्मठेप होते, गणपत कर्तव्याच्या वाटेने चालू लागतो. ‘देवदास’ला दिलेले उत्तर पूर्ण झाले, पण ते पुरुषापुरतेच. जीवन प्रेमापेक्षा मोठे आहे हे सांगण्यासाठी ज्या बाईला तुरुंगात पाठवावे लागले, तिच्या जीवनाचे काय, हा प्रश्न बोलपट विचारतच नाही. पहिल्या दीड तासात मैनाला इतके बुद्धिमान आणि इतके खरे घडवले आहे, की शेवटी ती केवळ कथानकाची सोय झालेली पाहवत नाही.

‘कुंकू’ मात्र माझ्या अतिशय जवळचा बोलपट आहे, आणि त्याच्याशी माझे भांडणही सर्वांत जुने आहे. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो निघाला. पोरक्या नीराला तिचा मामा पैशांसाठी काकासाहेब या वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. तिची फसवणूक लग्नाच्या वेळीच उघड होते. आणि त्या घरात गेल्यावर ती म्हाताऱ्याची पत्नी म्हणून वागायला ठाम नकार देते. रडून नव्हे आणि आजारी पडूनही नव्हे. ती रोज नव्याने नकार देते. वासनेने अंगलट येऊ पाहणाऱ्या, वयाने तिच्याहून मोठ्या सावत्र मुलाला ती झोडपून काढते. शांता आपट्यांनी हे काम अंगातल्या अंगात धुमसत केले आहे. त्यांच्या मानेची एक विशिष्ट ताठर ठेवण आहे, ती सबंध बोलपटभर सुटत नाही.

या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार हाताशी असताना घेतलेला हा निर्णय १९३७ साली किती धाडसाचा होता, हे समजून घेण्यासाठी मी वर्गात एक प्रयोग करतो. विद्यार्थ्यांना पडद्याकडे पाठ करून बसवतो आणि मधले एक रीळ केवळ ऐकवतो. घड्याळाची टिकटिक, जिन्यावरची पावले, दाराची कडी, रस्त्यावरून येणारा आवाज यांतून तो जुना वाडा, त्यातल्या खोल्यांची अंतरे आणि कोण कोणापासून किती दूर बसले आहे हे सारे कळू लागते. मास्टर परशुराम ‘मन सुद्द तुझं’ हे गाणे गातात, तेव्हा ते बाहेरच्या जगातून घरात येते आणि म्हणूनच त्याला अर्थ येतो. दुःखाच्या प्रसंगी सारंगी आणि संकटाच्या प्रसंगी ढोल वाजवून प्रेक्षकाला काय वाटायला हवे ते सांगण्याची सवय आपल्या चित्रपटांना आणि त्याहून अधिक आपल्या दूरचित्रवाणी मालिकांना लागली आहे. आजच्या मालिकेत एकाच वाक्यावर तीन चेहऱ्यांचे तीन क्लोज-अप आणि तीन दणके ऐकू येतात. ‘कुंकू’च्या ध्वनीचे काम करणाऱ्यांचा प्रेक्षकाच्या कानांवर यापेक्षा जास्त विश्वास होता.

हाच विश्वास डोळ्यांच्या बाबतीत मात्र टिकत नाही. भिंतीवरचे जुने घड्याळ म्हणजे काकासाहेबच, हे एकदा दाखवले तेव्हा समजते. तरी बोलपट ते पुन्हापुन्हा सुचवत राहतो. प्रतीकाची ओढ हा शांतारामांच्या प्रतिभेचा भाग होता आणि त्यांचा मोहही होता. ‘अमृतमंथन’मध्ये पडदाभर दिसणाऱ्या डोळ्याने प्रेक्षक थरारले, त्यानंतर वस्तू बोलते ही खात्री त्यांना इतकी पटली की माणूस बोलत असतानाही ते वस्तूला बोलायला लावू लागले. मला ‘कुंकू’ पुन्हा कापायला दिला असता तर घड्याळाचे निम्मे शॉट मी काढले असते आणि घड्याळाचा आवाज सगळा ठेवला असता.

दुसरी उणीव सुशीलेची. काकासाहेबांची ही समाजकार्य करणारी मुलगी घरी येते आणि नीराला तिच्या रूपाने पहिल्यांदा कोणी समजून घेणारे भेटते. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. रँग्लर परांजप्यांची ही केंब्रिजमध्ये शिकलेली मुलगी स्वतः संततिनियमनाचे काम करत होती. म्हणजे पडद्यावर समाजसेविका म्हणून उभी राहिलेली बाई प्रत्यक्षातही तीच होती. त्यामुळे तिच्या उभे राहण्यात, वडिलांकडे सरळ पाहण्यात एक आत्मविश्वास आहे जो अभिनयाने येत नाही. पण पटकथा तिच्या तोंडी भाषण देते. तिने काय केले असते हे दाखवण्याऐवजी तिला काय वाटते हे आपल्याला ऐकवले जाते.

आणि मग शेवट. काकासाहेबांना आपल्या अपराधाची जाणीव होते, ते नीराला मुक्त करू इच्छितात, तिने पुन्हा लग्न करावे असे पत्र लिहून ठेवतात आणि जीव देतात. तरुणपणी मला हा शेवट निव्वळ भित्रा वाटे. सबंध बोलपटभर आपला नकार स्वतः पेलणाऱ्या मुलीला अखेरीस सुटका मिळते ती नवऱ्याच्या कृपेने, आणि तीही पत्रातून. निर्णय त्याचा, त्याग त्याचा आणि प्रेक्षकांचे अश्रूही त्यालाच.

हे मत मी आज पूर्णपणे सोडलेले नाही, पण एका गोष्टीने ते बदलले. १९३७ साली नीरापुढे कायद्याने कोणता रस्ता होता, हे मी एकदा नीट वाचून काढले. काही जातींत काडीमोडाची रूढी होती. नीराच्या घरासारख्या पांढरपेशा घराला ती लागू नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला तो १९४७ मध्ये, आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. याउलट विधवेला पुनर्विवाहाची कायदेशीर मोकळीक १८५६ पासून होती, आणि ज्या वर्षी ‘कुंकू’ पडद्यावर आला त्याच १९३७ साली हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा देणारा कायदाही झाला होता. म्हणजे नीरासारख्या बाईला पत्नी म्हणून जो हक्क नव्हता तो विधवा म्हणून होता. काकासाहेब वकील आहेत हे ध्यानात घेतले की शेवट एकदम निराळा दिसू लागतो: आपल्या बायकोला सोडवण्याचा कायद्याने उपलब्ध असलेला एकमेव मार्ग म्हणजे आपले मरण, हे त्या घरात सर्वांत आधी कळू शकणारा माणूस तोच होता.

माझी खंत अशी, की बोलपट ही गोष्ट कुठेही बोलून दाखवत नाही. हा शेवट पश्चात्तापाच्या भरात आलेला आहे. त्याच मरणाला कायद्याच्या कोंडीची स्पष्ट जाण असती, एखाद्या पक्षकाराच्या निमित्ताने किंवा सुशीलेशी झालेल्या बोलण्यात ती आधी पेरलेली असती, तर ती एका म्हाताऱ्याची शोकांतिका न राहता त्या सबंध व्यवस्थेवरचा आरोप झाली असती. सुशीलेच्या रूपाने दुसरी वाटही समोर होतीच. नीराने कोणाचीही परवानगी न घेता त्या मुलीबरोबर घराबाहेर पडणे कायद्याच्या दृष्टीने अर्धवट राहिले असते, पण तिच्या स्वभावाशी सुसंगत झाले असते. तिच्या कपाळावरच्या कुंकवाविषयी हा बोलपट इतका विचार करतो, तर ते पुसायचे की ठेवायचे हे ठरवण्याचा अधिकारही तिच्या हाती पडायला हवा होता.

आता ‘संत तुकाराम’. दामले आणि फत्तेलाल या दोघा दिग्दर्शकांपैकी विष्णुपंत दामले ध्वनीचे जाणकार होते आणि साहेबमामा म्हणून ओळखले जाणारे शेख फत्तेलाल कलादिग्दर्शक होते. दोघेही कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांच्या हाताखाली घडलेले. हा बोलपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवल्यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ लोकांना तुकोबांचाच अभंग वाटला, ही हकिकत सर्वांना माहीत असते. तिच्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की ते गीत पडद्यावर वेगळे गाणे म्हणून येत नाही, बोलण्याच्या ओघात येते. विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. त्यांच्या देहात जो एक मवाळपणा उरला होता, तो या भूमिकेत विरक्तीसारखा दिसतो. अभंग गाताना ते प्रेक्षकाला काही सुनावत नाहीत. काम करता करता शब्द सुचत गेले असे वाटते.

उणिवा याही बोलपटात आहेत आणि त्या लहान नाहीत. सर्वांत मोठी म्हणजे सालोमालो. हे नाव तुकोबांच्याच अभंगांत येते, पण बोलपटातला सालोमालो हा दुसऱ्याच्या कविता आपल्या नावावर खपवणारा, हेवा करणारा, जरा हास्यास्पद खलनायक आहे. शूद्राने वेदांचा अर्थ सांगावा काय, हा रामेश्वरशास्त्र्यांचा आक्षेप सबंध समाजरचनेतून आलेला होता. पण तो इथे सालोमालोच्या कानभरणीचा परिणाम होऊन जातो. गाथा इंद्रायणीत बुडवली जाते ती एका माणसाच्या मत्सरामुळे, असे प्रेक्षक समजून घरी जातो, आणि त्याला स्वतःच्या घरातल्या, गावातल्या रूढीकडे पाहावे लागत नाही. ‘शेजारी’तल्या धनिकासारखीच ही सोय आहे. सालोमालोने पाठवलेल्या वेश्येचे हृदयपरिवर्तनही फार झटपट होते.

चमत्कारांवर मात्र माझा आक्षेप नाही. पोराच्या दुखण्याने वैतागलेली जिजाई एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात जाते, तो प्रसंग पाहावा. त्यात चमत्कार घडतो, पण कॅमेरा त्याच्यासाठी वेगळी जागा शोधत नाही. घरातली चूल, म्हैस, पोरे ज्या अंतरावरून आणि ज्या उजेडात दाखवली त्याच अंतरावरून देव दाखवला आहे. फत्तेलालांनी स्टुडिओत उभे केलेले देहू इतके राहते, वापरलेले दिसते, की तिथे काहीही घडले तरी ते त्या मातीतच घडते.

आणि जिजाईच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. ही भूमिका करणाऱ्या गौरी या बाई शिकलेल्या नटी नव्हत्या. कंपनीत बारीकसारीक कामे करता करता त्या पडद्यावर आल्या. त्यांचे चालणे, कमरेवर हात ठेवून उभे राहणे, म्हशीशी बोलता बोलता गाणे यात नाटक कंपनीचा लवलेश नाही. दिग्दर्शकांना जिजाईला कजाग दाखवून तुकोबांचा मोठेपणा वाढवायचा असता तर तिचे प्रत्येक भांडण तिच्या हरण्यावर संपले असते. तसे होत नाही. ती घरात दाणा नाही म्हणते तेव्हा खरोखरच दाणा नसतो. राजाकडून नजराणा येतो तेव्हा तिचा आणि पोरांचा जीव क्षणभर हरखतो, तुकोबा तो परत पाठवतात, आणि त्या क्षणी आपले मन दोन्हीकडे ओढले जाते. तिच्या बाजूला वजन नसते तर तुकोबांची विरक्ती फुकटची ठरली असती. म्हणून अन्याय तर नाहीच. मला तर सबंध प्रभातच्या बोलपटांत इतक्या मानाने वागवलेली दुसरी बाई दिसत नाही, आणि यात मी नीरालाही धरतो.

अखेरीस वैकुंठाचे विमान येते. ट्रिकसीन म्हणून ते या बोलपटाचे सर्वांत कच्चे काम आहे. रंगवलेले आकाश आणि खेळण्यासारखे उड्डाण आज कोणालाही दिसते, आणि मला वाटते तेव्हाही पुष्कळांना दिसले असेल. पण त्याआधी तुकोबा जिजाईला बरोबर चल म्हणतात आणि ती येत नाही. पोरांचे कोण बघणार, हे तिचे कारण असते. ती वैकुंठ नाकारते असे म्हणावे तर तिला ते नाकारण्याएवढी उसंतही नाही. हातातले काम सोडून जाण्यासारखे ते नसते, एवढेच. बाकीच्या तीन बोलपटांत पूर, खून आणि आत्महत्या जे काम करतात ते इथे विमान करत नाही, कारण ते गाठ सोडवत नाही. तुकोबा आणि जिजाई यांच्यात पहिल्या रिळापासून जो वाद चालू आहे तो विमान आल्यावरही तसाच राहतो. तुकोबा वर जातात आणि जिजाई खाली राहते, दोघेही आपापल्या जागी बरोबर. पुढच्या वेळी हा बोलपट पाहाल तेव्हा आकाशाकडे पाहू नका. वर पाहणाऱ्या जिजाईचा चेहरा पाहा, आणि तिच्यामागे तिला पुन्हा ज्या घरात जायचे आहे त्या घराचे दार पाहा.